पाहा : बॉर्डर

संतोषाची थोरवी सर्वांनी गायिली आहे. असंतोषाचा कैवार घेणारा मात्र विरळा. मिळाले ते पुरे मानणाऱ्या माणसाभोवती घर निवांत असते, शेजारी निर्धास्त असतात, आणि तो गेल्यावर लोक त्याला भला माणूस म्हणून मोकळे होतात. ज्याला स्वतःचेच काम कधी पुरे वाटत नाही, त्याच्याजवळ कोणाला फार वेळ बसवत नाही. तो जेवताना अर्ध्यातच थांबतो, बोलता बोलता हरवतो, आणि आपण विचारले एक असता दुसऱ्याच गोष्टीचे उत्तर देतो. तथापि जगात जी थोडी कामे नीट पार पडलेली आढळतात, त्यांच्या मुळाशी असे एखादे न निवणारे मन असते. हा असंतोष लोभाच्या जातीचा नव्हे. लोभी माणसाला आणखी हवे असते. ह्याला आहे तेच नेटके हवे असते. अशा असंतोषाला तपश्चर्या म्हणण्याचा मोह होतो. परंतु तप म्हटले की मागोमाग फळाची अपेक्षा येते, आणि येथे तर फळाची हमी कोणीच दिलेली नसते.

कोशकचेरीतल्या बाईंचे सारे आयुष्य ह्या असंतोषात गेले, आणि त्याला निमित्त झाला एक साधा इंग्रजी शब्द.

इंग्रजी शब्दांचे अर्थ आपल्या भाषेत सांगणारा एक मोठा कोश ह्या कचेरीत अनेक वर्षे तयार होत होता. कचेरी दुसऱ्या मजल्यावर आणि खाली छापखाना. यंत्र चालू झाले की वरची फरशी थरथरे, दौतीतल्या शाईवर वलये उठत, आणि भिंतीलगतच्या लाकडी खणांच्या पितळी कड्या किणकिणू लागत. त्या खणांत शब्दांच्या चिठ्ठ्या उभ्या लावलेल्या असत. छताचा पंखा सुरू केला की टेबलावरच्या चिठ्ठ्या उडत. म्हणून प्रत्येकाने आपापल्या आवडीचा एकेक गोटा आणून ठेवला होता. बाईंचा गोटा चपटा होता, आणि त्याच्या कडेवरून अंगठा फिरवण्याची त्यांना सवय होती. ही सवय आधीची की त्या शब्दाने लावलेली, हे पुढे त्यांनाही सांगता येईना.

कचेरीचे पहिले प्रमुख संपादक, ज्यांना सर्वजण थोरले म्हणत, ते ऋषितुल्य गृहस्थ होते. त्यांचा एक दंडक होता. ज्या वस्तूचा शब्द, ती वस्तू हाताला लागल्याखेरीज अर्थ लिहायचा नाही. 'ॲनव्हिल' हा शब्द आला तेव्हा ते लोहाराकडे जाऊन ऐरणीवर स्वतः घण मारून आले आणि आठवडाभर खांदा शेकत बसले. 'ब्राइन' ह्या शब्दासाठी त्यांनी खारे पाणी कालवून चाखले. 'ॲडर' ह्या विषारी सापापाशी मात्र त्यांनी दंडक सैल केला, असे कचेरीत हसून सांगत. आणि तेही त्या हसण्यात सामील होत. दुसरा दंडक असा, की एक अर्थ एकाच जागी सांगायचा. सगोत्र शब्दांपैकी एकाच्या घरी सविस्तर विवेचन, बाकीच्यांपुढे 'पाहा' एवढे लिहून त्या घराचा पत्ता.

बाई ह्या कचेरीत रुजू झाल्या तेव्हा कोश इंग्रजी 'बी' ह्या अक्षरात होता. थोरल्यांनी त्यांच्या हाती पहिला स्वतंत्र शब्द दिला तो 'बॉर्डर'. सोपा म्हणूनच दिला होता. काठ, किनार, सीमा अशा तीन शब्दांत तो संपेल, असे कोणालाही वाटले असते, बाईंनाही वाटले. पण दंडकाप्रमाणे वस्तू हाताला लावायच्या म्हणून त्या बाहेर पडल्या, आणि शब्द वाढू लागला.

शिंप्याच्या दुकानात जाऊन त्यांनी शालींचे काठ चाचपले. शिंप्याने मान वर न करता सांगितले, की कपडा शिवायला टाकायचा असेल तर टाका, नुसता काठ कुरवाळायचा असेल तर जरा बाजूला उभ्या राहा, गिऱ्हाईक खोळंबले आहे. सार्वजनिक बागेत वाटेच्या कडेने लावलेल्या फुलझाडांच्या ओळीला इंग्रजीत बॉर्डर म्हणतात, असे वाचून त्या तेथे वाकून पाहू लागल्या. रखवालदाराला वाटले, बाई फुले चोरताहेत. घरी जेवताना त्या ताटाच्या कडेवरून बोट फिरवीत बसत. घरी थोरला भाऊ आणि त्याची बायको होती. भावजय तोंडाची तिखट, पण मनाने मऊ. ती म्हणे, "वन्सं, ताट फुटलेलं नाहीये. जेवा आता."

ह्या भटकंतीतून बाईंच्या ध्यानात एक गोष्ट आली, आणि ती सांगायला त्या धावत जिना चढून आल्या. 'एज' म्हणजे जेथे वस्तू संपते ती रेघ. तिला रुंदी नाही. 'बॉर्डर'ला रुंदी असते. ती वस्तूच्या अंतावर असते, तरी वस्तूचीच असते. थोरल्यांनी चष्मा कपाळावर सरकवून ऐकून घेतले आणि म्हणाले, "सुरेख. मग देशाच्या हद्दीचं काय करशील? तिथे तर रेघच असते."

तेवढ्या एका प्रश्नाने बाईंचे दोन महिने खाल्ले. खाली छापखाना खोळंबला. शेवटी थोरल्यांनी स्वतःच्या हाताने 'बॉर्डर'पुढे लिहिले : 'पाहा : एज'. आणि चिठ्ठी बाईंकडे सरकवीत म्हणाले, "ई येईपर्यंत तुला वेळ आहे. पण लक्षात ठेव, पत्ता दिला की घरात माणूस हवं."

एवढेच ते बोलले. बाईंनी ते जन्मभर जपले.

पुढील खंडात 'ई' आले. बाईंचे टिपण तेव्हा जवळजवळ सिद्ध होते. हद्दीचा प्रश्नही सुटला होता. कारण इंग्रजीत दोन मुलखांमधल्या रेघेइतकाच तिच्या दोन्ही अंगांचा प्रदेशही त्या शब्दात मावतो, म्हणजे रुंदी तेथेही आहेच. पण त्याच वर्षी बाईंची आई अंथरुणाला खिळली. एक अंग गेलेल्या आईला कुशीवर वळवणे, पलंगाच्या कडेवरून ती घरंगळू नये म्हणून उशा लावणे, ह्यात दिवस जाई. मुद्रितांची तारीख आली तेव्हा टिपणाची शेवटची दोन पाने कोरीच होती. अपुरे छापण्यापेक्षा पुढे ढकलावे, ही विनंती बाईंनी केली आणि थोरल्यांनी नाइलाजाने मानली. 'एज : पाहा मार्जिन.'

'मार्जिन' आला तेव्हा थोरले हयात नव्हते. त्यांच्या खुर्चीवर कोणी बसेना, आणि एक समिती तात्पुरता कारभार पाहत होती. खंड फुगत चालला होता, म्हणून समितीने फर्मान काढले, की लांब टिपणे निम्मी करावीत. बाईंचे टिपण तर सर्वांत लांब. त्यांनी मागितले असते तर कोणीही ते कापून दिले असते; पण त्या हटून बसल्या. छापायचे तर अखंड, नाहीतर नको. समितीतल्या एका सभ्य गृहस्थाने समजूत घातली, की बाई, अर्धी भाकरी उपाशी राहण्यापेक्षा बरी. बाईंनी विचारले, "आणि अर्धा अर्थ?" परंतु तारीख त्या गृहस्थालाही टळणारी नव्हती. 'मार्जिन : पाहा व्हर्ज.'

आता पुढे घरच उरले नव्हते. 'व्ही' नंतर जी दोनचार अक्षरे राहतात, त्यांत कडेचा अर्थ सांगणारा एकही शब्द बाईंना सापडला नाही. सापडला असता तर त्या तिकडेही गेल्या असत्या, असे भावजय म्हणे. आणि ते अगदीच खोटे नव्हते.

ह्या वाटेवर बाई एकट्या नव्हत्या. एक निवृत्त मोजणीदार कोशाचे पहिल्यापासूनचे वर्गणीदार होते. शेताच्या आणि गावांच्या हद्दी मोजण्यात हयात गेलेली. तेव्हा पहिला खंड घरी येताच त्यांनी पहिला शब्द काढला तो 'बॉर्डर'. तेथून ते 'एज'ची वाट पाहू लागले, मग 'मार्जिन'ची. तिसऱ्या खंडानंतर ते काठी टेकीत कचेरीत आले आणि बाईंसमोरच्या बाकावर बसले.

"बाई, मी पहिल्या खंडापासून चालतोय. अजून पोचलो नाही."

बाईंना हसू आले नाही. त्यांनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला ठेवला आणि सगळा प्रकार सांगितला, समितीच्या फर्मानापर्यंत. मोजणीदार रागावले नाहीत. ते म्हणाले, की आपल्याला घाई नाही. जन्मभर पाहिले ते एवढेच, की नकाशावर एक रेघ असते आणि जमिनीवर दोन भावांची फिरलेली तोंडे. ह्या रेघेला इंग्रजीत काय काय म्हणतात ते डोळे मिटण्याआधी वाचायचे आहे. जाताना जिन्याच्या वरच्या पायरीवर थांबून त्यांनी विचारले, "शेवटच्या खंडात तरी घरी पोचवाल ना?"

"पोचवते," बाई म्हणाल्या.

थोरल्यांना मनाशी दिलेला शब्द एक होता, आता दोन झाले. शेवटचा खंड छापायच्या आत ह्या एका टिपणाला त्याचे घर मिळवून देणे, एवढेच बाईंच्या आयुष्याचे उरलेले काम होते. निवृत्तीचे वय उलटल्यावरही त्या येत राहिल्या. भाऊ म्हणे, की अगं, आता घरी बस. त्या म्हणत, 'व्ही' होऊ दे.

तोवर प्रमुखाच्या खुर्चीवर नवे संपादक आले होते. वयाने तरुण, पण थोरल्यांवर त्यांची भक्ती एवढी, की त्यांची खुर्ची बदलावी असे कोणी म्हटले तर ते कानांवर हात ठेवीत. थोरल्यांचे दोन्ही दंडक त्यांना बाईंनीच शिकवले होते. एक गोष्ट मात्र बाईंनी त्यांना कधीच सांगितली नाही. पहिल्या खंडातील 'बॉर्डर' रिकामा आहे, हे त्यांच्या तोंडून निघाले नाही. थोरल्यांनी स्वतः तपासलेला तो एकमेव संपूर्ण खंड. त्याची पूजाच कचेरीत होत असे. त्यात एक भगदाड आहे, आणि ते आपल्यामुळे आहे, हे कोणत्या तोंडाने सांगायचे? शिवाय सांगण्याची गरजही त्यांना वाटली नाही. 'व्हर्ज' छापला की सगळेच भरून निघणार होते.

टिपण पूर्ण झाले. सुवाच्य अक्षरात लिहिलेली ती पाने बाईंनी संपादकांच्या टेबलावर ठेवली, वर आपला चपटा गोटा ठेवला, आणि त्या मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयात दाखल झाल्या. डोळ्यांना पट्टी बांधून पडलेल्या असताना त्या भावजयीला सारखे विचारीत, कचेरीतून काही आले का. भावजय सांगे, की काही आले नाही आणि आले असते तरी आपण वाचून दाखवले नसते.

त्या परतल्या तेव्हा काळा चष्मा होता आणि जिना चढायला भावजयीचा हात लागला. कचेरीत सर्वजण उठून उभे राहिले. शेवटचा खंड बांधून तयार झाला होता; वर्गणीदारांच्या प्रती टपालात पडल्या होत्या आणि उरलेल्या खाली गोदामात रचलेल्या होत्या. संपादकांनी एक कोरी प्रत दोन्ही हातांनी बाईंपुढे धरली. चहा मागवला होता. सर्वांची अपेक्षा अशी, की बाई खंड कपाळाला लावतील आणि दोन शब्द बोलतील. बाईंनी तो टेबलावर उघडा ठेवला, चष्मा काढला, आणि 'व्हर्ज' काढला.

तेथे लिहिले होते : 'पाहा : बॉर्डर'.

बाईंनी पान पुन्हा वाचले, मग त्याच्या मागचे, मग पुढचे. कोणी चुकून टिपण भलत्या जागी तर लावले नाही ना, असे वाटून. नंतर खंड मिटून त्यांनी चहा घेतला. मंडळी आपापल्या टेबलांशी गेल्यावर त्या संपादकांच्या खोलीत शिरल्या आणि दार लोटून घेतले.

"माझं टिपण कुठे गेलं?"

संपादकांना वाटले, बाईंना टिपण गाळल्याचे वाईट वाटले असेल. ते अदबीने सांगू लागले, की टिपण उत्तमच होते, ते आपण जपून ठेवले आहे. पण मुद्रिते आली तेव्हा बाई रुग्णालयात होत्या, विचारता आले नाही. सगोत्र शब्दांत 'बॉर्डर' अधिक रूढ, म्हणजे विवेचन त्याच्या घरी पहिल्या खंडात असणारच.

"एक अर्थ एकाच जागी. तुम्हीच शिकवलंत, बाई."

"बॉर्डर उघडून पाहिलात?"

"पहिल्या खंडातला?" संपादक दचकले. "थोरल्यांनी तपासलेलं. ते तपासणारा मी कोण?"

बाईंनी काचेचे कपाट उघडून पहिला खंड काढला, पान उघडून त्यांच्यासमोर ठेवला आणि ओळीवर बोट ठेवले. संपादकांनी वाचले. मग त्यांनी दुसरा खंड काढला, मग तिसरा, आणि शेवटी पुन्हा तो नवा कोरा खंड. फिरून ते पहिल्याच पानाशी आले.

"म्हणजे वाचक..."

"फिरत राहील."

"तुम्ही मला सांगितलं का नाहीत?"

ह्या प्रश्नाला बाईंजवळ उत्तर होते, आणि तेच देता येत नव्हते. ज्या आदरापोटी त्या गप्प राहिल्या, त्याच आदरापोटी ह्या माणसाने पहिला खंड उघडला नाही. त्याच्यावर रागवावे तर कोणत्या तोंडाने? आपल्यावर रागवावे तर ते त्या जन्मभर करीतच आल्या होत्या. खाली यंत्र चालू झाले, फरशी थरथरली, आणि खणांच्या कड्या किणकिणल्या. बाई एवढेच म्हणाल्या, की बंद करायला सांगा ते यंत्र, डोकं दुखतंय. आणि यंत्र बंद करायला कोणी सांगितले नाही.

संपादक प्रामाणिक होते. त्यांनी उपाय सुचवला, की गोदामातल्या प्रतींना शुद्धिपत्र जोडावे. परंतु शुद्धिपत्र म्हटले की चूक कोठे झाली ते लिहावे लागणार. 'पहिल्या खंडात अर्थ देण्याचा राहून गेला', असे छापायचे. बाई ताडकन म्हणाल्या, की ते वाक्य छापलेले आपल्याला चालणार नाही. मग संपादक म्हणाले, 'सहायकाच्या दिरंगाईमुळे' असे घालू. ते बाईंना चालले असते. पण संपादकांना चालेना, कारण थोरल्यांनी दिरंगाई चालवून घेतली, असा त्याचाही अर्थ निघतोच. दोघेही थोरल्यांची अब्रू राखण्यात एकमेकांवर ताण करीत होते, आणि वाचक मधल्यामध्ये उपाशी. असे बरेच दिवस गेले. बाई घरी येऊन खंड उघडीत आणि मिटीत. भावजयीने एकदा पान वाढता वाढता म्हटले, "वन्सं, मेलेल्या माणसाची लाज झाकायला जिवंत माणूस किती दिवस उघडं ठेवायचं?" बाईंना ते झोंबले. त्या जेवण टाकून उठल्या, आणि हात धुताना रागावल्या त्या स्वतःवर, कारण भावजयीचे खरे होते.

मग मोजणीदार आले. टपालाने खंड पोचला होता. ह्या खेपेस ते बाकावर बसले नाहीत. जिना चढून दम लागला होता, तरी काठीवर रेलून उभेच राहिले.

"बाई, चालत गेलो तो थेट माझ्याच दाराशी."

ते हसत होते. त्यांच्या हसण्यात टोमणा असता तर बाईंना सोपे गेले असते. हा माणूस खरोखरच गंमत म्हणून सांगत होता. त्याने आशा सोडून दिली होती, म्हणून त्याला हसू येत होते. बाईंनी त्यांना तेथेच थांबायला सांगितले आणि त्या संपादकांच्या खोलीत गेल्या.

त्यांनी सांगितले, की शुद्धिपत्र नको. कोणाची चूक, कोणाची दिरंगाई, काहीच लिहायचे नाही. अर्धा ताव छापायचा, वर नुसता शब्द, खाली अर्थ. पहिल्या खंडाच्या गोदामात उरलेल्या प्रतींत, शेवटच्या कोऱ्या पानावर, तो चिकटवायचा. संपादकांनी आठवण करून दिली, की अर्ध्या तावावर टिपण मावणार नाही. बाई म्हणाल्या, मावेल.

जे काम समितीसाठी त्यांनी नाकारले, थोरल्यांसाठीही ज्याला त्या तयार नव्हत्या, ते त्यांनी त्या दुपारी केले. मोजणीदार बाहेर पंख्याखाली बसून होते. बाई एकेक वाक्य खोडीत होत्या. शिंपी गेला, शालींचे काठ गेले, आईच्या पलंगाची कड गेली, ओठ, कोर, शीव ह्या शब्दांचे लाडके दाखले गेले. प्रत्येक रेघ मारताना त्यांच्या तोंडून 'च्' असा आवाज निघे. शेवटी जे उरले ते असे :

'बॉर्डर : वस्तूच्या कडेचा, वस्तूचाच असलेला पट्टा, काठ, किनार. एज ही रेघ, तिला रुंदी नाही, बॉर्डरला असते. दोन मुलखांमधली हद्द, आणि तिच्या दोन्ही अंगांचा प्रदेशही. बागेत वाटेच्या कडेची फुलझाडांची ओळ. पानाची कोरी सोडलेली कड ती मार्जिन. जेथून पुढे काही घडण्याच्या बेतात असते ती व्हर्ज. क्रियापद : लागून असणे, एका गुणाने एखाद्या अवगुणाच्या इतके जवळ जाणे की फरक सांगणे कठीण व्हावे.'

संपादकांनी वाचून मान डोलावली आणि म्हणाले, "शेवटच्याला उदाहरण राहिलं."

"ते आपण दोघं," बाई म्हणाल्या. "छापू नका."

अर्धे ताव छापून झाल्यावर ते चिकटवण्यासाठी बाई स्वतः खाली बांधणीच्या खोलीत जाऊन बसल्या. नव्याने उघडलेले डोळे खळीच्या वासाने झोंबत, आणि बाइंडर कुरकुरे, की बाई, तुमच्या हातून दिवसाला होतात तेवढ्या मी चहा पिता पिता उरकेन. बाई ऐकत नसत. प्रत्येक प्रतीत त्या कागदाच्या चारी कडा अंगठ्याने दाबीत, आणि एखादी कड उठलेली दिसली की 'च्' करीत. त्या प्रती किती झाल्या ते त्यांनी मोजले नाही. ज्या आधीच लोकांच्या घरी गेल्या होत्या, त्या ह्यांहून कितीतरी जास्त आहेत, एवढेच त्यांना ठाऊक होते, आणि ते त्यांना एका प्रतीपुरतेही विसरता येत नव्हते.

त्यांतल्या एकीपर्यंत मात्र त्यांना पोचता आले. खळीची वाटी फडक्यात बांधून त्या मोजणीदारांच्या घरी गेल्या. मोजणीदार खाटेवर होते. सुनेने पहिला खंड काढून दिला. बाईंनी तो मांडीवर घेऊन अर्धा ताव लावला, फडक्याने दाबला, आणि त्यांच्यापुढे धरला. मोजणीदारांनी तो भिंग लावून सावकाश वाचला. वाचताना त्यांचे ओठ हलत होते. 'दोन्ही अंगांचा प्रदेशही' ह्यापाशी ते थांबले, आणि त्यांनी ते बोटाने पुन्हा वाचले. मग खंड दूर धरून, एक डोळा मिटून, त्यांनी पान निरखले.

"बाई, तिरकं लागलंय. वरच्या अंगाला."

बाईंनी पाहिले. खरेच तिरके लागले होते. तोवर खळ वाळली होती. ओढले असते तर कागद फाटला असता. मोजणीदार म्हणाले ते नीट ऐकू न आल्यासारखे बाईंनी त्यांना दोनदा विचारले, किती तिरके आहे. मोजणीदारांनी हाताने खूण करून सांगितले, राहू द्या.

बाई आता नाहीत. त्यांच्या खणातल्या चिठ्ठ्या गोदामात गेल्या आहेत आणि चपटा गोटा संपादकांच्या टेबलावर आहे. कोशाची नवी आवृत्ती अद्याप निघालेली नाही. पहिल्या खंडाच्या ज्या प्रती तेव्हा गोदामात होत्या, त्यांच्या शेवटच्या कोऱ्या पानावर तो अर्धा ताव आहे. एका घरातल्या प्रतीत तो तिरका आहे. उरलेल्या सर्व प्रती वाचकाला 'बॉर्डर'पासून 'व्हर्ज'पर्यंत नेतात आणि परत 'बॉर्डर'पाशी आणून सोडतात.